काळजाला काही नाही, हे सांगायला चार महिने लागले

ज्याला एकदम धडधडतं, हातपाय गार पडतात, आता आपण मरतोय असं वाटतं आणि मरत मात्र नाही, त्याच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही, पण त्यांना यातलं फारसं कळायचं नाही. मला तरी कुठं सगळं कळलंय. दुखणं होऊन दीड वरीस झालं, अजून ते नेमकं काय होतं हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

माझं शिकणं म्हणाल तर निजामाच्या राज्यात दोन यत्ता, त्याही उर्दूत. मराठी अक्षर पुढं माझं मी शिकलो, एस्टीच्या पाट्या वाचून वाचून. लिहिण्यात चुका असतील, त्या असू द्या. दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं तर त्यानं माझ्या तोंडी शहाणपण घातलं असतं, आणि या दुखण्यात मी शहाण्यासारखा कुठंच वागलो नाही.

माझं काम

आमचं गाव तामलवाडीपासून दोन कोसांवर. बहात्तरच्या दुष्काळात गावाच्या वरच्या अंगाला तळ्याचं काम निघालं. त्या तळ्याच्या भिंतीची माती मी आणि माझ्या मंडळीनं डोक्यावर वाहिली. पुढं काही वर्षांनी त्या तळ्यातलं पाणी इंजनानं उचलून चारीनं शेतांना द्यायची गावाची सहकारी संस्था झाली. इंजन चालवायला एक जण ठेवला, आणि वॉल माझ्या हातात आला.

वॉल म्हणजे सिमेंटच्या चौकोनी हौदात बसवलेली झडप. हातभर लांबीची लोखंडी चावी लावून झडपेचं चाक फिरवलं की पाणी या चारीचं त्या चारीला वळतं. कुणाची पाळी कुठल्या वारी, किती वेळ, हे सगळं माझ्या डोक्यात. कागद कधी लागला नाही. चावी माझ्या खांद्यावर असली की गावातले लोक मला रामराम घालायचे, एरवी ज्यांनी मान वर केली नसती तेसुद्धा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

आणखी एक काम माझ्याकडं होतं, ते पुढच्या गोष्टीसाठी सांगावं लागतं. इंजनाचा पाइप तळ्यात जिथं बुडलेला असतो, तिथं त्याच्या तोंडाला जाळी असते. तिला शेवाळ बसलं की इंजन पाणी ओढत नाही. मग बुडी मारून जाळी साफ करायची. ते मीच करायचो. छाती भरून घ्यायची, दम कोंडायचा आणि खाली जायचं. साठीला आलो तरी तरणी पोरं माझ्याइतका वेळ खाली थांबत नव्हती. श्वासाचं मला एवढंच ठाऊक होतं, तो कोंडायचा असतो.

सुरुवात

दोन वर्षं पाऊस ओढला होता. तळ्याची पायरी न् पायरी उघडी पडत चालली. माघात संस्थेनं ठरवलं की आता ज्वारीला दोनच पाळ्या मिळतील, त्याही अर्ध्या वेळाच्या. ठरवलं संस्थेनं, पण तोंड द्यायचं मला. सकाळी चूळ भरायला बाहेर आलो की ओट्यावर दोघं बसलेले. देवळात गेलो तर तिथं तिसरा. जो तो म्हणायचा, "तात्या, माझं तेवढं बघा."

सगळ्यात कटकट दगडूची. दगडूचं रान चारीच्या अगदी शेवटाला. तिथवर पाणी जाईपर्यंत निम्मा वेळ चारीच पिऊन टाकते. तो रोज यायचा.

"तात्या, माझा वेळ कधीपासून धरता? वॉल फिरवल्यापासून, का पाणी रानात शिरल्यापासून?"

"वॉल फिरवल्यापासून. नियमच हाय."

"नियम करणाराचं रान वॉलापाशी हाय, म्हणून."

माझंही रान वॉलापाशीच आहे.

त्याच आठवड्यात पहिल्यांदा झालं. मी हौदाच्या काठावर बसलो होतो. कुणी भांडत नव्हतं, ऊनही फार नव्हतं. एकाएकी छातीत धडधड सुरू झाली. तळहाताला घाम, ओठ बधिर. वाटलं, संपलं. काय करावं कळेना म्हणून मला जे येतं ते मी केलं. बुडी मारताना करतो तशी छाती गच्च भरली आणि दम कोंडला. डोळ्यांपुढं काजवे चमकले. दम सोडला तर धडधड आणखी वाढली. मग पुन्हा कोंडला. थोड्या वेळानं आपोआप उतरलं. मला वाटलं, कोंडल्यामुळंच उतरलं. घरी बोललो नाही.

असं चार-पाच वेळा झालं. दर वेळी मी कोंडायचो, आणि दर वेळी ते जरा जास्तच यायचं. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. उलट वाटायचं, आपणच कमी कोंडतोय.

दगडूच्या पाळीचा दिवस

दगडूच्या पाळीदिवशी सकाळी मी चावी लावली, आणि तेवढ्यात आलं. चाक अर्धं फिरलेलं. मी मनाशी म्हटलं, आधी हे दाबू, मग वॉल बघू. कोंडला दम. एवढा कोंडला की हौदाच्या कडेला आडवा झालो.

डोळे उघडले तर दगडू माझ्या डोक्याशी उभा. अर्ध्या उघड्या वॉलातून पाणी हौद भरून बाहेर पडलं होतं आणि गाडीवाट भिजवत ओढ्याला चाललं होतं. त्याची पाळी वाटेवर सांडली होती. तासाभरानं पुढच्याची पाळी सुरू होणार होती.

दगडू ओरडला नाही. हळू बोलला, ते जास्त लागलं.

"सकाळीच लावून आला व्हय, तात्या?"

मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. पण ते सांगायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. त्यामुळं त्याला खरंच वाटलं. दुपारपर्यंत गावालाही खरं वाटलं.

माझ्या मंडळीनं, म्हणजे रुक्मिणीनं, माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता पिशवी भरली. तामलवाडीच्या फाट्यावर आम्ही एस्टीला हात केला आणि सोलापूर गाठलं.

दवाखान्यात

तिथं मला आठवडाभर ठेवून घेतलं. छातीला रबरी वाट्या चिकटवून कागदाची लांब पट्टी काढली. तिच्यावर डोंगर काढल्यासारख्या रेघा होत्या. रक्त घेतलं. फोटो काढला. सकाळी फिनेलचा वास, मग चहा, मग काखेत काचेची नळी, मग डॉक्टरांची फेरी. फेरीच्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढायचे. रुक्मिणी जिन्यात बसायची आणि फेरी संपली की आत येऊन विचारायची, "काय म्हणाले?" रोज माझं उत्तर तेच, "उद्या सांगत्याल."

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. वयानं माझ्या पोरीएवढ्या. पट्टी हातात धरून म्हणाल्या, "आजोबा, काळजाला काही नाही. चांगलं ठणठणीत आहे."

"मग धडधडतं कशानं?"

"मनावर ताण आला की शरीर घाबरतं. तुमच्या डोक्याला कसली काळजी आहे का?"

"काळजी कुणाला न्हाय? मला काय येडा समजता?"

"वेडा नाही हो. घाबरणं हाही त्रासच आहे. खोटा नाही. गोळी देते थोडे दिवस, पण श्वास शांत करायला शिका."

मी भिंतीकडं तोंड केलं. माझी अक्कल अशी चालली होती की काळीज ठीक असेल तर मी खोटा. मी खोटा नाही, म्हणजे पट्टी खोटी. पट्टी यंत्रानं काढलेली. यंत्र कसं खोटं बोलेल? आणि मी तरी कसा? दिवसभर एवढंच डोक्यात फिरत राहिलं, आणि ज्याला काही झालेलंच नाही असा माणूस दवाखान्याच्या खाटेवर का पडलाय, हे मला सुटेना.

शेजारच्या खाटेवरचे गुरुजी

शेजारच्या खाटेवर भूमकडचे एक शाळामास्तर होते, भालेराव गुरुजी. बौद्ध समाजाचे, वयानं माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. त्यांना दमा. बोलताना छातीतून शिट्टी वाजायची. सकाळी खाटेवर मांडी घालून ते डोळे मिटून बसायचे, अर्धा तास. मला वाटायचं, प्रार्थना करत असतील.

त्यांनी डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकलं होतं. संध्याकाळी म्हणाले, "तात्या, बसायचं का माझ्यासंगं?"

"काय करायचं?"

"काही नाही. श्वास बघायचा."

"श्वास काय बघायचा? तो काय दिसतो व्हय?"

"नाकाच्या तोंडाशी लागतो की. आत येताना गार, बाहेर जाताना कोमट. तेवढंच ध्यानात ठेवायचं. आला. गेला."

मी मांडी घातली आणि सवयीनं छाती भरली. गुरुजी एका डोळ्यानं बघत होते.

"कोंडू नका."

"मग सोडू?"

"सोडू पण नका. येईल तसा येऊ द्या."

"म्हंजे मी करायचं काय?"

"बघायचं."

"बघून काय व्हतंय?"

गुरुजी हसले, हसताना त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "ते मलाही नक्की सांगता येत नाही."

मला राग आला. ज्याला स्वतःला श्वास पुरत नाही तो मला श्वास शिकवतोय, आणि वर सांगतोय की सांगता येत नाही. पण सोडून उठायची माझी जात नाही. दमेकरी माणूस अर्धा तास बसतो तर मी का बसू नये, एवढ्या ईर्ष्येनं बसलो. चार श्वास झाले की मन गावात. दगडू काय म्हणत असेल. वॉल कुणाकडं दिला असेल. गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, "गेलं तर गेलं. कळलं की परत आणायचं. त्याला शिव्या घालायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी वॉर्डातच धडधड आली. मी कोंडायला निघालो. गुरुजी त्यांच्या खाटेवरून उतरले, माझ्या खाटेच्या कडेला येऊन बसले. त्यांच्या छातीची शिट्टी मला ऐकू येत होती. म्हणाले, "लांब सोडा. फुंकर घातल्यासारखा. मग नाकाशी या." मी सोडला. धडधड थांबली नाही. पण मी मेलो नाही, आणि पहिल्यांदा डोळ्यांपुढं काजवे आले नाहीत. काय झालं ते मला समजेना. जे इतके दिवस मी औषध म्हणून करत होतो, तेच दुखणं वाढवत होतं की काय? साठ वर्षं ज्या छातीची मी ऐट मिरवली ती मला वापरताच येत नव्हती?

गुरुजींनी माझ्या गावातल्या पाण्याचं विचारलं होतं. मी सगळं सांगितलं, दगडूच्या रानाचंही. ते म्हणाले, "आमच्या वस्तीचं रान पण चारीच्या शेवटाला आहे, तात्या. शेवटच्या पाळीवाल्याला वाट बघायची सवय असते. तुम्ही पहिल्या पाळीचे, म्हणून तुम्हाला नुसतं बसणं जड जातंय." त्यांनी हसत सांगितलं. मी हसलो नाही. त्यांच्याच तांब्यातलं पाणी प्यायलो आणि पडून राहिलो.

मी काय सांगितलं

आता माझी चूक सांगतो. फाट्यावर एस्टीतून उतरलो तर गावातली आठ-दहा माणसं चहाच्या टपरीवर होती. सगळे उठून आले. पाण्याच्या संस्थेचे चेअरमनही होते.

"काय निघालं, तात्या?"

रुक्मिणी माझ्याकडं बघत होती. घाबरतोय असं सांगायचं? चावी खांद्यावर टाकून फिरणाऱ्यानं, तळाशी बुडी मारणाऱ्यानं? त्यात दारूचा बोभाटा झालेला. माझ्या तोंडून गेलं, "काळीज."

सगळ्यांच्या तोंडावरचा भावच बदलला. एकानं पिशवी घेतली, एकानं छत्री धरली. दगडू मागं उभा होता, त्यानं मान खाली घातली. मला तेव्हा बरं वाटलं, हे कबूल करतो. काळजाचा रोग म्हणजे इज्जतीचा रोग.

दुसऱ्या दिवशी चेअरमन घरी आले. मला वाटलं, भेटायला आले. त्यांनी मोठ्या प्रेमानं सांगितलं, "तात्या, आता जड कामाला हात लावायचा न्हाय. चावी नामदेवकडं देऊ या." नामदेव म्हणजे त्यांचा मेहुणा. दाराच्या मागं टेकवलेली चावी त्यांनी स्वतः उचलली. काळजाच्या रोग्यानं कसं म्हणायचं की राहू द्या?

मग सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. मला कुणी घागर उचलू देईना. चढ लागला की बैलगाडी थांबवून वर बसवायचे. काळजाला मीठ चालत नाही असं कुणीतरी सांगितलं, म्हणून जिथं जाईन तिथं अळणी. दगडूच्या पोरीच्या लग्नात माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात अळणी वरण शिजवलं होतं. दगडूनं स्वतः वाढलं. "पोटभर जेवा तात्या," म्हणाला. ते वरण कसं गिळलं ते माझं मला ठाऊक.

रुक्मिणीला हे सोसेना. बायका येऊन तिचं सांत्वन करायच्या, कुणी शेळीचं दूध आणून द्यायची. ती माझ्यावर चिडायची.

"मी किती दिस तोंड पाडून बसू? शेजारीण रडली आज माझ्या गळ्यात पडून."

"मग तू बी रड."

"मला रडू येत न्हाय, राग येतो. खरं सांगा की लोकांला."

"भ्या वाटतं म्हणून सांगू?"

"वाटतं न्हवं? मग?"

मी उठून परसात जाऊन बसायचो.

परसातलं बसणं

चावी गेल्यावर धडधड कमी व्हायला पाहिजे होती. डोक्याला पाण्याची काळजी राहिली नव्हती. पण ती वाढली. हे गणित मला आजपर्यंत सुटलेलं नाही.

रोज सकाळी शेवग्याखाली पोतं टाकून मी बसायचो. नाकाच्या तोंडाशी ध्यान. आला, गेला. कधी दहा श्वास नीट व्हायचे, कधी एकही नाही. कधी नुसती झोप यायची. कधी राग यायचा, चेअरमनचा, नामदेवचा, गुरुजींचा, माझा. एकदा बसल्या बसल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि का आलं ते कळलं नाही. मी उठून शेळीला पाला टाकला.

कुणी विचारेल, यानं गुण आला का? मला सांगता येत नाही. धडधड यायची ती येतच होती. फरक एवढाच पडला की पूर्वी ती आली की मी तिच्याशी कुस्ती धरायचो. आता लांब श्वास सोडायचो आणि बसायचो, आणि ती तिच्या मनानं जायची. लवकर जायची की तेवढाच वेळ घ्यायची, कुणाला ठाऊक. मी गोळ्याही घेत होतो. गोळीनं झालं, श्वासानं झालं की दिवस गेले म्हणून झालं, हे वेगळं काढता येत नाही.

इकडं पाण्याचं वाटोळं चाललं होतं. नामदेवला पाळ्या पाठ नव्हत्या, आणि ज्याचा आवाज मोठा त्याला पाणी. चारीच्या शेवटाला तर थेंब पोचला नाही. दगडूची ज्वारी माझ्या हातानं वाळली होती, आता त्याचं जनावरांचं कडवळही वाळायला लागलं. तो एकदा माझ्या परसाशी येऊन उभा राहिला. काही बोलला नाही. काळजाच्या रोग्याला काय बोलायचं, असं त्याला वाटलं असणार. तसाच गेला. त्या दिवशी माझा एकही श्वास जागेवर बसला नाही.

सभा

मृगाच्या तोंडावर संस्थेची सभा भरली, मारुतीच्या देवळापुढं. तळ्यात शेवटचं पाणी राहिलं होतं, ते कसं वाटायचं एवढाच विषय. मी गेलो तसे चेअरमन म्हणाले, "तात्या, तुमी कशाला उन्हाचं आलात? या, सावलीला टेका."

दगडू उभा राहून बोलत होता. नामदेव त्याला मधेच तोडत होता. आवाज चढले. मला बोलायचं होतं, म्हणून उठलो, आणि उभा राहतो न राहतो तोच आलं. तळहात भिजले, ओठ बधिर. सगळ्या गावासमोर.

पूर्वीचा मी असतो तर काही तरी निमित्त करून देवळामागं गेलो असतो. तिथं कोंडला असता आणि पडलो असतो. मी पायरीवर खाली बसलो. लांब सोडला. गार. कोमट.

"जीप बघा," कुणीतरी ओरडलं. "पाणी आणा."

मी हात वर केला. "जीप नको. जरा थांबा."

थांबले सगळे. किती वेळ ते सांगता येणार नाही, मला तो लई वाटला. आवाज परत आल्यावर म्हणालो, "माझ्या काळजाला काही न्हाय."

"तात्या, बोलू नका," चेअरमन म्हणाले.

"न्हाय, बोलतो. डॉक्टरीणबाईनं चार महिन्यामागंच सांगितलं हुतं. काळीज ठणठणीत हाय. मला भ्या वाटतं. कशाचं, ते मला बी ठाव न्हाय. येतं आन जातं. मी तुमाला खोटं सांगितलं."

मग मागून एक जण फिसकन हसला, आणि त्याच्या पाठोपाठ आणखी दोघं. दगडू हसला नाही. तो माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"म्हंजे त्या दिवशी पिऊन नव्हता?"

"न्हाय."

"आन काळीज बी नव्हतं."

"न्हाय."

"मग माझी ज्वारी कशापायी वाळली, तात्या?"

"माझ्या भ्यापायी. मी दम कोंडून पडलो. तसाच बसून चाक फिरवलं असतं, तर तुझं पाणी तुला गेलं असतं."

तो म्हणाला, "आन मी लग्नात तुमाला येगळं अळणी वरण शिजवून घातलं."

"व्हय. लई वंगाळ झालं हुतं."

आता सगळी सभा हसली. दगडूही हसला, पण डोळे लाल होते. तो उभा राहिला आणि चेअरमनना म्हणाला, "चावी तात्याला द्या."

नामदेव उसळला. "ज्याला बसल्या जागी भ्या वाटतं त्याच्या हाती वॉल? परत पडला तर?"

"पडंल की. मी शेजारी बसंन. ह्यो बसला की मी चाक फिरवीन. मला तुझ्या हातून पाणी नको."

माझं डोकं तापलं. ज्यानं मला दारुड्या म्हटलं त्यानं माझी राखण करायची? मी म्हणालो, "मला राखणदार नको. देत असाल तर सरळ द्या, न्हायतर राहू द्या."

बायका देवळाच्या भिंतीकडं बसल्या होत्या. तिकडून रुक्मिणीचा आवाज आला. गावाच्या सभेत ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली.

"घ्या की वो. चार महिने मी राखलं. आता दुसऱ्याला राखू द्या."

पुन्हा हशा झाला. चेअरमननी नामदेवकडं बघितलं, मग माझ्याकडं. सभेनं हात वर केले. मी "बरं" म्हणालो. एवढा एक शब्द म्हणायला मला बुडी मारण्यापेक्षा जास्त जोर लागला.

आता

अजून धडधड येते. महिन्यात दोनदा, कधी चारदा. का येते, कशानं जाते, हे मला कुणी पटेल असं सांगितलेलं नाही, आणि मी विचारणं सोडलंय. गोळी डॉक्टरीणबाईंनी हळूहळू बंद केली. ती आपल्या मनानं बंद करू नका, आणि आधी पट्टी काढून काळीज तपासून घ्या. माझ्यासारखा हट्ट करून घरात दडवू नका.

श्वासाचं म्हणाल तर एवढंच. रोज थोडं बसा. बरं असताना बसा, म्हणजे वाईट वेळेला ती जागा ओळखीची वाटते. दम कोंडू नका. लांब सोडा आणि नाकाशी या. मन पळालं तर पळू द्या, कळलं की परत आणा. यानं सगळं बरं होईल असं मी म्हणत नाही.

पण दवाखान्यात जे सांगितलं असेल तेच घरी आणि गावात सांगा. काळजाला काही नाही म्हणाले तर काही नाही म्हणा. भीती म्हणाले तर भीती म्हणा. माझे चार महिने त्याच एका शब्दापायी गेले, आणि एका माणसाचं रान गेलं.

परवा दगडूची पाळी होती. दोघं हौदाच्या काठावर बसलो. चावी लावायच्या आधी मी डोळे मिटले.

"आलं का?" दगडूनं विचारलं.

"येतंय."

"मग मी काय करू?"

"काही करू नको. बस."

तो बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "तात्या, येळ झाला." मी डोळे उघडले नाहीत, नुसती चावी त्याच्याकडं सरकवली. चाक फिरल्याचा आवाज आला, पाणी वळलं. माझे हात अजून गार होते. ते कोमट होईपर्यंत दगडू पाणी धरायला पुढं रानाकडं गेला. मग मी उठलो आणि चारीच्या कडेकडेनं पाण्याबरोबर चालत शेवटाला गेलो. पाणी दगडूच्या रानात शिरलं तेव्हा मी त्याला हाळी दिली, "आता धर येळ. इथनं पुढं तुझा."